आमच्या शेताची माती कुठे जाते?



मोठा पाऊस झाला की आपल्या ओढ्याचे पाणी चहासारखे गढूळ होते. मला वाटायचे, ओढ्याचा रंगच तसा. पण गुरुजी म्हणाले, "तो पाण्याचा रंग नाही. ती तुमच्या-आमच्या शेतातली माती आहे."

आमचे शेत उताराला आहे. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलाय. आजी सांगते की ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे हातभर काळी माती होती. गेल्या वर्षी पेरणी झाली आणि तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस आला. बी मातीसकट खाली वाहून गेले. दुबार पेरणी करावी लागली. त्यासाठी दादांनी उसने पैसे घेतले. म्हणून मी हा विषय निवडला.

साहित्य : आडवे कापलेले तेलाचे चार सारखे डबे, शेतातली माती, हराळीचे ढेकूळ, कडब्याचा चुरा, झारी, चार विटा, चार बाटल्या.

कृती : तीन डब्यांत माती भरली. पहिल्यात काडीने उताराला उभी तासे ओढली. दुसऱ्यात आडवी तासे ओढली. तिसऱ्यात मातीवर कडब्याचा चुरा पसरला. चौथ्यात हराळी मातीसकट बसवली. आदल्या दिवशी सगळे डबे ओले करून ठेवले. मग प्रत्येकाखाली एकेक वीट देऊन सारखा उतार केला आणि दोन-दोन लिटर पाणी घातले.

पहिल्यांदा माझी चूक झाली. मी तांब्याने पाणी ओतले, तर मातीला खड्डाच पडला. गुरुजी म्हणाले, "पाऊस काय तांब्याने पडतो का रे?" सगळे हसले. मग माती बदलून झारीने पुन्हा प्रयोग केला.

निरीक्षण : उभ्या तासांच्या डब्यातून दीड लिटर पाणी वाहून आले. आडव्या तासांतून एक लिटर आले. कडब्याच्या डब्यातून त्याहून कमी आणि हराळीतून सर्वांत कमी आले. बाटल्या रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी पहिल्या बाटलीत दोन बोटे गाळ होता, दुसरीत अर्धे बोट. तिसरीत नखाएवढा होता. हराळीचे पाणी जवळजवळ नितळ होते.

असे का होते? : पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने येतो. तो उघड्या मातीवर आपटला की मातीचे कण उडतात. घराच्या भिंतीला खालून मातीचे शिंतोडे उडालेले असतात ना, ते असेच. बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही, पळते. पळताना माती घेऊन जाते. कडबा आणि गवत थेंबाचा मार स्वतः खातात. आडवे तास पाण्याला धरून ठेवते. उभे तास म्हणजे पाण्याला वाटच करून देणे!

गुरुजींनी फळ्यावर एक गणित घातले. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. ५० मिलिमीटर पडला तर ५ लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे ५० टँकर! उन्हाळ्यात आपण एका टँकरसाठी घागरी घेऊन रांग लावतो.

जुनी माहिती : महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा आसूड' या १८८३ च्या पुस्तकात बांध घालून पाणी शेतात मुरवावे, असे सांगितले होते. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. माती आणि ओल कशी टिकवावी हे तिथे अभ्यासतात. बांधबंदिस्तीसाठी १९४२ साली मुंबई इलाख्यात कायदाही झाला. १९७२ च्या दुष्काळात माझी पणजी बांधाच्या कामावर डोक्यावरून माती वाहायची. आजी तेव्हा लहान होती, पणजीबरोबर जायची.

पुढे काय झाले? : मी चारही बाटल्या घरी नेल्या. दादा म्हणाले, "आपलं रान अरुंद आन लांबडं हाय. आडवं हाणलं तर वळणंच लई होत्यात. ट्रॅक्टरवाला तासाचं पैसं घेतो." मी गप्प बसलो. आजीने गाळाची बाटली उचलून उजेडात धरली. ती म्हणाली, "ह्यो गाळ न्हाई, आपलं रान हाय." मग दादा चुलत्यांकडे बैल मागायला गेले. अर्धे रान बैलांनी आडवे पेरले, अर्धे ट्रॅक्टरने उभे.

पुढच्या मोठ्या पावसानंतर मी पळत शेतात गेलो. उभ्या पेरणीत चार ओघळी पडल्या होत्या. आडव्या पेरणीत तासातासांत पाणी उभे होते. एका जागी तास फुटले होते, तिथे दादांनी दगड लावले. दादा काही बोलले नाहीत. पण रात्री आईला म्हणाले, "पुढल्या साली समदंच आडवं पेरू."

अनुमान : शेतकऱ्याने पाणी अडवले की माती आपोआप अडते. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि जायला एक पाऊस पुरतो.

मित्रांनो, पुढच्या पावसात आपल्या शेतातले वाहते पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी घरच्यांना दाखवा. माझ्या चारही बाटल्या या फलकाखाली ठेवल्या आहेत. बघा, पण हलवू नका!