उरलेला रंग

आपल्या शेणव्याकडे पाऊस फार. टेम्पोचा रंग उडाला की पत्रा गंजतो. नवा रंग महाग. मग उरलेले डबे मिसळावेत का? मिसळावेत, पण रंगाचा प्रकार एकच हवा.

एनॅमल हवा लागून वाळतो. एन. सी. रंगातले थिनर उडते, मग तो वाळतो. एनॅमलवर एन. सी. मारला तर खालचा थर सुरकुततो. हार्डनरच्या रंगाचा फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो. रुमाल बांधून भागत नाही. तो रंग घरी मारू नका.

रंग फडक्यातून गाळा. सगळ्या गाडीला पुरेल एवढा एकदम कालवा. तीच छटा पुन्हा जमत नाही. आधी पत्र्याच्या तुकड्यावर लावा. वाळला की नखाने खरवडून पाहा. विडी दूर ठेवा. थिनर पेटते.