गाईचे कोठीपोट आणि देवनारचा डोंगर

निसर्गाकडे पाहून माणसाने यंत्रे बनविली, असे आपण नेहमी म्हणतो. पक्ष्यावरून विमानाची कल्पना सुचली. वारुळातील हवेचा खेळ पाहून झिंबाब्वेतील हरारे शहरात १९९६ मध्ये ईस्टगेट नावाची इमारत उभी राहिली. तिला थंड ठेवण्यासाठी नेहमीची वातानुकूलन यंत्रणा बसवावी लागली नाही. ही उदाहरणे दूरची झाली. आज एक जवळचे उदाहरण पाहू. ते रोज आपल्या रस्त्यावर उभे राहून रवंथ करीत असते, म्हणजे गाय! तिच्या पोटाचा मुंबईच्या देवनारशी काय संबंध, ते या लेखात पाहावयाचे आहे.

देवनारचा डोंगर

मुंबईच्या पूर्व उपनगरात, गोवंडी आणि ठाणे खाडीच्या मध्ये, देवनारची कचराभूमी आहे. १९२७ पासून तेथे शहराचा कचरा पडू लागला. सुमारे १३० हेक्टरांच्या या जागेवर कचऱ्याचे ढीग वाढत वाढत काही ठिकाणी दहाबारा मजली इमारतीएवढे उंच झाले. हा कचरा हटविण्यासाठी महानगरपालिकेने २०२५ मध्ये निविदा काढल्या, तेव्हा साठा सुमारे १८५ लाख टन धरलेला होता.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस या ढिगांना मोठी आग लागली. धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये पुन्हा आग भडकली.

आता प्रश्न असा की, ओला, कुजका कचरा पेटतो कसा? भाजीचे देठ आणि उरलेला भात कोणी काडी लावून पेटवून दाखवावा! याचे उत्तर ढिगाच्या पोटात आहे. वरून सतत कचरा पडत गेला की खालच्या थरांना हवा मिळेनाशी होते. तेथे ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव वाढतात. ते कचरा कुजवितात आणि त्यातून मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे वायू जवळजवळ सारख्या प्रमाणात बाहेर पडतात. मिथेन ज्वलनशील आहे. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगीही स्फोटास पुरते. शिवाय कचरा हा उष्णतेचा मंदवाहक. आतील उष्णता बाहेर पडत नाही आणि वरून मारलेले पाणी आत पोचत नाही. म्हणून वरची ज्वाळा विझली तरी आत धुमसत राहते.

म्हणजे देवनारचा डोंगर हे एक अवाढव्य पोटच आहे. फरक एवढाच, की या पोटावर कोणाचा ताबा नाही. ताब्यात असलेले पोट कसे चालते, ते आता गाईकडून शिकू.

चार कप्प्यांचा कारखाना

गवत मुख्यतः सेल्युलोजचे बनलेले असते. ते पचविणारे विकर आपल्या शरीरात नाही आणि गंमत अशी, की गाईच्याही शरीरात नाही! ती हे काम सूक्ष्मजीवांकडून करवून घेते. तिच्या पोटाला चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांतील पहिले, म्हणजे कोठीपोट, सर्वांत मोठे. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जीवाणू असतात.

या कारखान्याची व्यवस्था नीट पाहा.

१. बारीक करणे. गाय दिवसाचे सुमारे आठ तास रवंथ करते. घास जितका बारीक, तितके त्याचे पृष्ठफळ जास्त आणि जीवाणूंना काम करण्यास जागा जास्त.

२. तापमान. कोठीपोट बाराही महिने सुमारे ३९ अंश सेल्सियसवर असते.

३. ढवळणे. पोटाचे स्नायू दर मिनिटाला एकदोनदा आकुंचन पावून आतील माल घुसळतात.

४. आम्लता सांभाळणे. जीवाणू अन्नापासून आम्ले तयार करतात. आम्ल फार झाले तर तेच मरतील. म्हणून गाय रोज कितीतरी बादल्या लाळ गिळते. या लाळेत सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा असतो.

५. हवाबंद जागा. आत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच.

या पाचांपैकी एक गोष्ट जरी बिघडली तरी कारखाना बंद पडतो. गाईने एकदम भरपूर धान्य खाल्ले तर ती आजारी पडते, हे कोणताही शेतकरी सांगेल. धान्यातील पिष्ट झपाट्याने आंबते, आम्ल वाढते आणि कोठीपोटाचे काम थांबते.

उर्जेचा हिशेब

आता थोडे पदार्थविज्ञान. आपण अन्न ऑक्सिजनच्या साहाय्याने ‘जाळतो’. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळले तर सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा मिळते. परंतु जेथे ऑक्सिजनच नाही, तेथे काय होईल? तेथे ग्लुकोजच्या एका रेणूपासून मिथेनचे तीन आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू बनू शकतात. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून मिळणारा मिथेन भरतो अवघा ४८ ग्रॅम. पण तो जाळला तर सुमारे २,६७० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे वजन जवळजवळ चौथाई, पण ऊर्जा शेकडा ९५! बिचाऱ्या जीवाणूंच्या वाट्याला शेकडा पाचच येते. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते, हा नियम तुम्ही पाठ केलेला आहेच. इथे तो काम करताना दिसतो.

मग गाईच्या पोटातील सर्व ऊर्जा मिथेन होऊन उडून जाते काय? तसे झाले तर गाय उपाशीच मरेल. इथेच निसर्गाची खरी खुबी आहे. कुजण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होते. आधी मोठे रेणू तुटून लहान होतात, मग त्यांची ॲसेटिक आम्लासारखी आम्ले बनतात आणि शेवटी आम्लांपासून मिथेन. हा शेवटचा टप्पा अतिशय सावकाश चालतो. गाईच्या कोठीपोटात चारा फार तर दोनतीन दिवस राहतो. तेवढ्यात गाय मधली आम्ले शोषून घेते. तेच तिचे खरे अन्न! थोडा मिथेन तरीही बनतोच. एक मोठी गाय दिवसाला २५० ते ५०० लिटर मिथेन ढेकरांवाटे बाहेर टाकते.

मिथेन तयार करणारे हे सूक्ष्मजीव साधे जीवाणू नव्हेत. त्यांच्या अभ्यासावरूनच कार्ल वूज या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखविले, की सजीवांचा हा एक निराळाच गट आहे. त्याला आज ‘आर्किया’ म्हणतात. आणि मिथेन कोणी शोधला? विजेच्या घटामुळे तुम्हांला माहीत असलेल्या व्होल्टाने! १७७६ मध्ये इटलीतील एका सरोवराच्या काठचा चिखल ढवळून त्याने वर येणारे बुडबुडे गोळा केले होते.

पोट उलटे चालवू या

गाईला आम्ले हवीत, आपल्याला वायू हवा. मग आपण काय करावे? कोठीपोटाची व्यवस्था तशीच ठेवावी, पण अन्न आत दोनतीन दिवसांऐवजी काही आठवडे राहू द्यावे. म्हणजे सावकाश काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांना आम्लाचा मिथेन करण्यास सवड मिळेल. हेच गोबरगॅस संयंत्र!

आपल्या देशात याची सुरुवात मुंबईतच झाली. १९ व्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून वायू मिळवून दिवे लावले जात. पुढे जशभाई पटेल यांनी १९५० नंतरच्या काळात तरंगत्या ड्रमचे संयंत्र तयार केले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्याचा खेडोपाडी प्रसार केला. खाली टाकी आणि तिच्यावर उपडा ठेवलेला ड्रम. वायू साचला की ड्रम वर उचलला जातो, वापरला की खाली बसतो. समजा ड्रमचे वस्तुमान २०० किलो आणि तळाचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर आहे. मग दर चौरस मीटरवर १०० किलोचा भार, म्हणजे १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. वातावरणाच्या दाबाच्या हा जेमतेम शंभरावा भाग, पण शेगडी पेटण्यास पुरेसा. ड्रम वर असो वा खाली, दाब तोच राहतो. किती साधी युक्ती!

पण शेण म्हणजे काय? गाईने पचवून, सत्त्व काढून घेऊन टाकलेला चोथा. मग चोथ्याऐवजी अन्नच टाकीत घातले तर? पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हा विचार करून खरकटे, खराब धान्य यांवर चालणारे लहान संयंत्र बनविले. शेणाच्या मानाने त्यांना कितीतरी थोड्या मालापासून आणि थोड्या दिवसांत वायू मिळाला. या कामाला २००६ मध्ये इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक लाभले.

देवनारच्या शेजारीच ट्रॉम्बे आहे. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे संयंत्र विकसित केले. त्याची रचना वाचताना मघाची यादी आठवा. स्वयंपाकघरातला कचरा प्रथम मिक्सरमध्ये बारीक होतो. हे झाले रवंथ. मग तो पहिल्या टाकीत जातो. तेथे सौर तापकाचे गरम पाणी आणि हवा देऊन उष्णताप्रिय जीवाणूंकडून मोठे रेणू लवकर तोडून घेतात. पुढे हवाबंद टाकीत मिथेन तयार होतो. गाईप्रमाणेच निरनिराळ्या कामांना निरनिराळे कप्पे! उरतो तो काला खत म्हणून वापरता येतो.

इमारतीला पोट असावे

आता आपल्या इमारतीकडे वळू. २०० बिऱ्हाडांची एक वसाहत घ्या. दर घरी रोज एक किलो ओला कचरा धरला तर झाले २०० किलो. एक टन खरकट्यापासून साधारण ८० ते १०० घनमीटर जैववायू मिळतो. म्हणजे आपल्याला रोज १८ घनमीटर मिळेल असे धरू. या वायूत सुमारे ६० टक्के मिथेन असतो. त्यामुळे एका घनमीटरपासून सुमारे २१ मेगाज्यूल, म्हणजे रोज एकूण ३७८ मेगाज्यूल उष्णता मिळेल. घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो वायूत सुमारे ६५० मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे रोज अर्ध्याहून थोडा जास्त आणि महिन्याला सुमारे १७ सिलिंडर!

फार आनंदून जाऊ नका. एका घराला एक सिलिंडर दीड महिना पुरत असेल, तर २०० घरांना महिन्याला सुमारे १३३ लागतात. आपण भागविली ती गरजेच्या आठवा हिस्साच. शिवाय २०० किलोंपैकी जेमतेम २० किलो पदार्थ वायू होऊन जातो. बाकीचे बहुतेक पाणी असते आणि ते काल्याबरोबर बाहेर येते. त्यासाठी झाडे हवीत, बाग हवी.

मग हा खटाटोप कशासाठी? इंधन हा इथे दुय्यम लाभ आहे. मुख्य लाभ हा, की ते २०० किलो रोज देवनारसारख्या ढिगावर जाऊन हवेत मिथेन सोडीत नाहीत. शंभर वर्षांचा हिशेब केला तर वजनास वजन मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवितो. जुन्या ढिगातला वायूही नळ्या घालून काढता येतो. बोरिवलीजवळच्या गोराई येथील कचराभूमी २००९ मध्ये मातीने व आवरणाने झाकून शास्त्रीय रीतीने बंद केली, तेव्हा तेथे तशी सोय करण्यात आली. पण ढीग झाल्यावर नळ्या घालण्यापेक्षा ढीग होऊच न देणे शहाणपणाचे.

मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या वसाहतींना आणि रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरविण्यास सांगितले ते यासाठीच. कित्येक ठिकाणी अडचण यंत्राची नसते, बादलीची असते. खरकट्यात प्लॅस्टिकची पिशवी गेली की मिक्सर अडतो. गाईच्या पोटात गेली की गाय मरते. दोन्ही पोटे या बाबतीत सारखीच नाजूक!

करून पाहा

एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या घ्या. पहिलीत निम्म्यापर्यंत ताजे शेण व पाणी समप्रमाणात घाला. दुसरीत तेच घालून वर एक चमचा कुस्करलेला भात टाका. तिसरीत फक्त भात व पाणी घाला. तिन्हींच्या तोंडांवर फुगे बसवून दोऱ्याने बांधा आणि बाटल्या उबदार सावलीत तीन आठवडे ठेवा. बाटलीला झाकण घट्ट लावू नका. काचेची बाटली घेऊ नका. फुग्यातील वायू पेटवून पाहू नका. फुगे उघड्यावर, मोकळ्या हवेत सोडा आणि नंतर हात साबणाने धुवा. फुग्यांचा घेर रोज दोऱ्याने मोजून वहीत लिहा. शेवटी प्रत्येक बाटलीतल्या पाण्याची निळ्या लिटमसने परीक्षा करा.

विचार करा

१. तिसऱ्या बाटलीचा फुगा आधी फुगून मग थांबला, तर त्याचे कारण काय असावे? भरपूर धान्य खाल्लेली गाय आठवा.

२. थंडीत गोबरगॅस कमी का मिळतो? गाईला ही अडचण का येत नाही?

३. तुमच्या घरचा ओला कचरा सात दिवस वजन करा. वर दिलेल्या हिशेबाने त्यात किती मेगाज्यूल ऊर्जा आहे, आणि एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्यास सुमारे ०.३ मेगाज्यूल लागते असे धरून, तेवढ्या ऊर्जेवर किती लिटर पाणी उकळेल?