स्पर्धकालाच पार्टनर करायचं? आधी हे चार प्रश्न विचारा

मागच्या बॅचला हिंगणघाटचे दोन मोबाईल-रिचार्जवाले आले होते. दुकानं समोरासमोर. म्हणाले, "सर, भांडण्यापेक्षा एकच दुकान केलं तर?" कल्पना वाईट नाही. पण आधी एक मोठं उदाहरण बघू.

11 नोव्हेंबर 2016 ला डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डी-टू-एच या दोन स्पर्धक कंपन्यांनी विलीनीकरण जाहीर केलं. वाटणी ठरली 55.4 आणि 44.6 टक्के. सगळ्या मंजुऱ्या मिळून काम पूर्ण झालं 22 मार्च 2018 ला, म्हणजे सोळा महिन्यांनी.

हिशेब सरळ होता. ग्राहक जास्त म्हणजे चॅनलवाल्यांशी भाव करायला ताकद जास्त, शिवाय ऑफिसचा डबल खर्च वाचतो. पण त्याआधी दोनच महिने, 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं होतं. दुसरीकडे महिन्याचं भाडं नसलेली सरकारची फ्री डिश होतीच. 2018-19 मध्ये कंपनीला गुडविलची किंमत 1,500 कोटींहून जास्त कमी दाखवावी लागली आणि मोठा तोटा झाला.

माझंही तेच झालं होतं. डिशचं रिचार्ज घटलं तेव्हा मी समोरच्या दुकानाला दोष देत होतो, अन् तो मला! गिऱ्हाईक मात्र दोघांकडूनही मोबाईलकडे गेलं होतं.

अमेरिकेत सिरियस आणि एक्सएम या उपग्रह रेडिओ कंपन्या 2008 ला एक झाल्या. कर्जामुळे सुरुवातीला त्यांचीही दमछाक झाली. पण रेडिओ नव्या गाडीतच बसून येत होता, म्हणून ग्राहक येत राहिला.

आता वही काढा आणि लिहा:

1. माझं गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं, की दोघांकडूनही तिसरीकडे?
2. एकत्र आल्यावर भाडं, पगार, लाईटबिल यातलं नेमकं किती वाचेल? रुपयांत लिहा.
3. कोणावर किती कर्ज आणि उधारी आहे? ती कोण फेडणार?
4. नाही जमलं तर वेगळं कसं व्हायचं?

पहिल्याचं उत्तर "तिसरीकडे" असेल तर थांबा. एकत्र येण्यानं खर्च वाचतो, गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

हिंगणघाटच्या दोघांना मी सांगितलं, आधी तीन महिने फक्त नागपूरची खरेदी एकत्र करा. माल एकाच गाडीत, हिशेब वेगळा. पैशात पटलं, तरच दुकान एक करायचं बोला.

तुमची चार उत्तरं कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!