शब्द एक, अर्थ अनेक : वॉशर

टीच-टीचर, पेंट-पेंटर. इंग्रजी क्रियापदाला 'अर' लागला की 'करणारा' असा अर्थ होतो, हे आपण मुलांना शिकवतो. त्याच नियमाने वॉशर म्हणजे धुणारा. डिशवॉशर भांडी धुतो, प्रेशर वॉशर गाडी धुतो. इथपर्यंत ठीक. पण नळाचा वॉशर काय धुतो? काहीच नाही!

इथे वॉशर म्हणजे मधे भोक असलेली चकती. आपल्या कोडोलीकडे बोलताना तिला सर्रास 'वायसर' म्हणतात. तिची कामं बघा :

१) दाब पसरवणे : नटाखालची चपटी चकती जोर जास्त जागेवर वाटते, म्हणून लाकडात नट रुतत नाही. आठवीच्या 'बल व दाब' पाठातलं सूत्र (दाब = बल ÷ क्षेत्रफळ) इथे हातात धरून दाखवता येतं.

२) नट धरून ठेवणे : इंजिनाच्या हादऱ्याने नट ढिला होऊ नये म्हणून स्प्रिंग वॉशर घालतात. तो एका जागी कापलेला आणि किंचित पिळलेला असतो.

३) गळती थांबवणे : नळातला रबरी वायसर. पत्र्याच्या बोल्टखाली वायसर नसेल तर पावसाळ्यात घर गळणारच.

४) हवा ढकलणे : सायकलच्या पंपातला वाटीसारखा चामड्याचा वायसर. पंप दाबला की त्याची कड नळीला चिकटते आणि हवा पुढे जाते. चामडं सुकलं की हवा निसटते, म्हणून त्याला तेल सोडतात.

घरी करून पाहा : नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले तर रोज सुमारे ४.३ लिटर, महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी वाया! आणि हे सगळं एक छोटा वायसर झिजल्यामुळे.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. एखाद्या मुलाने 'वायसर' म्हटलं तर हसू नका. शेतात मोटर खोलताना, गॅरेजात बसून त्याने ही वस्तू हाताळलेली असते. त्याला शब्दकोशातला 'धुणारा' ठाऊक नसेल, पण वायसर कुठे आणि का बसवतात ते ठाऊक असतं. आधी त्याला ते वर्गात सांगू द्या, मग फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहा : वायसर, वॉशर.