न जळणारा डायोड

कला शाखेच्या वार्षिकात डायोडचे काय काम, असे संपादक मंडळातल्या मैत्रिणीने विचारलेच. काम आहे. मुलुंड-घाटकोपरहून आपण ज्या लोकलने कॉलेजात येतो, तिचा इतिहासच मुळी या विषयाचा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश, म्हणजे डी.सी. प्रवाहावर. प्रत्यावर्ती (ए.सी.) प्रवाह एकदिश करण्याचे काम तेव्हा रुळांकाठच्या उपकेंद्रांत होई. टप्प्याटप्प्याने २०१६ पर्यंत उपनगरी मार्ग २५,००० व्होल्टच्या ए.सी.वर आले आणि ते काम गाडीच्या पोटात गेले. तिथे आता डायोडहून हुशार साधने असतात. पण आपल्या मोबाइलच्या चार्जरात दाराशीच बहुधा चार डायोडांचा जुना पूल उभा असतो. पोलंडच्या कारोल पोलाकने १८९५-९६ च्या सुमारास त्याचे पेटंट घेतले, आणि १८९७ मध्ये लिओ ग्रेट्झने स्वतंत्रपणे तोच मांडला. नाव मात्र ग्रेट्झचे राहिले!

मला हा पूल कळला तो माझ्या दादामुळे. तो पदविकेला होता आणि २०२० साली प्रयोगशाळांना कुलपे लागली. पवईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ प्रकल्पाची ‘ईसिम’ ही मोफत प्रणाली त्याने संगणकावर घेतली. पडद्यावर चिन्हे मांडायची, रेघांनी जोडायची. गणित प्रणाली करते. मी शेजारी बसून ‘हे काय, ते काय’ विचारी.

डायोड म्हणजे एका बाजूनेच उघडणारे दार. चार दारे चौकोनात अशी बसवायची की प्रवाह रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) कोणत्याही टोकाने आला तरी भारातून एकाच दिशेने जावा. दर अर्ध्या फेरीत समोरासमोरची दोन दारे उघडतात, दोन मिटलेली राहतात. म्हणून आपल्या ५० हर्ट्झच्या विजेतून सेकंदाला १०० टेकड्या निघतात.

दादाने रोहित्राचे १२ व्होल्ट घेतले. बारा हे परिणामी मूल्य. शिखर जवळजवळ १७ व्होल्टचे. पुस्तकातल्या सूत्राने सरासरी १०.८ यायला हवी होती. पडद्यावर साडेनऊच्याही किंचित खाली आली. मला वाटले, यंत्र चुकले. दादा हसून म्हणाला, “अगं, दोन दारे ओलांडायची तर दोनदा टोल नको का?” सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. पुस्तकाने आदर्श डायोड धरला होता, पडद्याने नाही.

मग १०० ओहमच्या भाराला समांतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. टेकड्यांमधल्या दऱ्या भरून आल्या. सूत्राप्रमाणे उरलेली लहर दीड व्होल्टच्या थोडी वर. पडद्यावर त्याहून कमी दिसली, कारण अर्धी फेरी पुरी होण्याआधीच कपॅसिटर पुन्हा भरू लागतो. असे आकडे बदलून पाहण्याची चैन खऱ्या टेबलावर कोण करू देतो? तिथे तीन गटांत एक ऑसिलोस्कोप.

आणि इथेच ठेच लागली. प्रयोगशाळा उघडल्यावर दादाने खऱ्या टेबलावर आत येणारी व बाहेर जाणारी लहर एकाच वेळी पाहायचे ठरवले. पडद्यावर हे त्याने शंभरदा केले होते. एका वाहिनीचा जमिनीचा चिमटा रोहित्राच्या टोकाला, दुसरीचा पुलाच्या ऋण टोकाला. क्षणभर अर्धवट टेकड्या दिसल्या, मग जळका वास आला. डायोड गेला, बोलणी खावी लागली, आणि दादा त्या दिवशी जेवला नाही.

चूक कुठे होती? ऑसिलोस्कोपचे दोन्ही चिमटे आत एकाच तारेने जोडलेले असतात. त्यामुळे त्या दोन टोकांमधला डायोड बाजूला पडला, जणू एक दार चौकटीसह काढून टाकले. एका अर्ध्या फेरीत काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत मात्र प्रवाहाला भार टाळून शेजारच्या डायोडातून थेट रोहित्रात परतायची वाट मिळते. जळतो तो हा शेजारी, ज्याला चिमटा लावलेलाच नव्हता.

रात्री आम्ही तीच चूक पडद्यावर मुद्दाम केली. प्रणालीला जमिनीचे एक चिन्ह लागतेच, त्याशिवाय ती उत्तर देत नाही. दादाने ते दोन ठिकाणी ठेवले. प्रणालीने तक्रार केली नाही. अर्ध्या टेकड्या निमूट काढून दिल्या. मी म्हटले, “डायोडमधला प्रवाह बघ ना.” तो आकडा इतका अवाढव्य होता की दोघेही हसलो. चिन्ह जागच्या जागी, धूर नाही, वास नाही. आकडा आधीही तिथे असता. तो विचारायचे कुणाला सुचले नव्हते.

पुढच्या खेपेला दादाने दोन्ही चिमटे पुलाच्या ऋण टोकालाच लावले, वाहिन्यांची टोके रोहित्राच्या दोन बाजूंना ठेवली आणि एका लहरीतून दुसरी वजा करून आतली लहर पाहिली. बाहेरची नंतर, वेगळी. डायोड त्याने पदरच्या पैशाने आणला होता. जळलेला अजून त्याच्या कंपासपेटीत आहे.