खांद्याच्या ऑपरेशनआधीची अंघोळ

हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम करण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. गुडघे, खुबे, मणके सगळं पाहिलं, पण जंतूंच्या बाबतीत खांद्याइतकं चकवणारं दुसरं काही नाही. ऑपरेशन ठरलं की पेशंट विचारतात, खर्च किती, टाके कधी निघणार, हात वर कधी जाणार. अंघोळीचं कुणी विचारत नाही, म्हणून तो विषय मीच काढते. तुमच्या डॉक्टरांच्या सूचना इथल्यापेक्षा वेगळ्या असतील तर त्यांचंच ऐका.

१. खांद्यावरचा जंतू वर नसतो, आत असतो

त्याचं नाव क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत, आणि जुन्या रिपोर्टांवर अजून तेच नाव सापडतं. तोंडावर मुरुमं येतात त्यात याचाच हात असतो. केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात, तिथे तो राहतो. चेहरा, छाती, पाठ, खांदे आणि काख ही त्याची आवडती ठिकाणं, आणि बायकांपेक्षा पुरुषांच्या खांद्यावर तो जास्त सापडतो. जागच्या जागी असेपर्यंत त्याचा त्रास नाही. पण चाकू त्वचेतून जाताना या ग्रंथीही कापल्या जातात आणि जंतू थेट सांध्यापर्यंत पोचू शकतो. आत प्लेट किंवा कृत्रिम सांधा असेल तर धातूवर तो चिकट थर करून बसतो. मग अँटिबायोटिक त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही.

वरून कितीही घासलं तरी तो पूर्ण जात नाही, याचा चांगला पुरावा अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून २०१४ साली आला. १० निरोगी पुरुषांची खांद्यावरची त्वचा थिएटरमध्ये करतात तशीच क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोलच्या द्रावणाने स्वच्छ केली, मग त्वचेचे बारीक तुकडे काढून तपासले. १० पैकी ७ जणांच्या तुकड्यांत हा जंतू जिवंत होता. म्हणूनच ऑपरेशन टेबलावर द्रावण लावून केलेली सफाई खांद्याला पुरत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. काम काही दिवस आधी घरी सुरू व्हायला हवं.

२. ताप नाही, पू नाही, तरी संसर्ग असू शकतो

एका निवृत्त मास्तरांच्या खांद्याला दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये प्लेट बसवली होती. जखम छान भरली, ताप कधी आला नाही, पण काही महिन्यांनी खांदा आखडला आणि रात्री ठणकायला लागला. घरच्यांना वाटलं, व्यायामाचा कंटाळा करतात. रक्ताचे रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल. पुन्हा उघडल्यावर आतले नमुने कल्चरला पाठवले तर पहिले काही दिवस त्यात काहीच उगवलं नाही. सर्जननी लॅबला आधीच सांगून ठेवलं होतं, कल्चरच्या प्लेटा लवकर टाकून देऊ नका. दुसऱ्या आठवड्यात जंतू उगवला. तो फार सावकाश वाढतो आणि त्याला हवा सोसत नाही, म्हणून खांद्याचं कल्चर १४ दिवसांपर्यंत ठेवावं लागतं. रिपोर्ट कळल्यावर मास्तर मला म्हणाले, “सिस्टर, हे एकदा माझ्या मुलासमोर सांगाल का?” मी सांगितलं.

संसर्ग थोड्यांनाच होतो. पण ज्याला होतो त्याच्या वाट्याला दुसरं ऑपरेशन, कधी तिसरं, आणि महिनोन्‌महिने गोळ्या येतात. म्हणून मी आधीच्या दोन-तीन दिवसांसाठी इतकी मागे लागते.

३. मुरमांची जेल आजोबांनाही लागते

बेन्झॉइल पेरॉक्साइडची ५ टक्क्यांची जेल. औषधाच्या दुकानात ती मुरमांसाठी मिळते, त्यामुळे सत्तरीतल्या पेशंटला दुकानदार हमखास म्हणतो, “चिठ्ठी चुकली असेल.” चिठ्ठी चुकलेली नसते. ही जेल ग्रंथीत उतरते आणि तिथे ऑक्सिजन सोडते, जो या जंतूला मारतो. ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधीपासून ती लावली की त्वचेवरचे हे जंतू कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे संसर्गही तितकाच कमी होतो का, हे ठामपणे सांगायला मात्र फार मोठे अभ्यास लागतील. तरीही खर्च थोडा आणि धोका कमी, म्हणून मी तिच्या बाजूची आहे.

लावायची कशी, हे नुसतं सांगून भागत नाही. अंघोळ करून अंग कोरडं करायचं आणि खांद्याची पुढची बाजू, मागची बाजू आणि काख अशा तिन्ही ठिकाणी पातळ थर द्यायचा. पहिल्यांदा थोड्याच जागेवर लावून बघायचं. फार लाल झालं, आग झाली किंवा सूज आली तर थांबून डॉक्टरांना विचारायचं. जखमेवर लावायची नाही. कपड्यांचा रंग उडतो, म्हणून जुना पांढरा बनियन, पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा. हे सांगायचं राहिलं की चांगली साडी खराब होते आणि दुसऱ्या दिवसापासून जेल बंद होते.

खरी अडचण काखेची. दुखऱ्या खांद्याचा हात वर जात नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने ती काख नीट धुतलेलीच नसते. लाजेपोटी माणसं बोलत नाहीत. हाड मोडलेलं नसेल तर चांगल्या हाताने टेबलाचा आधार घेऊन कमरेतून पुढे वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडायचा. हात आपोआप अंगापासून सुटतो, काख उघडते, फारसं दुखतही नाही. मी हे प्रत्येकाकडून समोर करून घेते.

४. घरून ब्लेड फिरवून येऊ नका

मुलगा काळजीपोटी वडिलांची छाती, खांदा, काख गुळगुळीत करून आणतो. ब्लेडने त्वचेला डोळ्यांना न दिसणारे काप जातात आणि त्यात जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत दाढीच्या ब्लेडला स्पष्ट नकार दिला आहे. केस आड येतच असतील तर क्लिपरने काढतात, तेही हॉस्पिटलमध्ये. काखेतले केस काढल्याने हा जंतू कमी होत नाही.

५. तेल, बाम, लेप, शेक बंद

आपल्याकडे खांदा दुखला की आधी मालिश, मग बाम, मग कुणीतरी सुचवलेला लेप. सर्जनपर्यंत पोचेस्तोवर त्वचा सोलवटलेली असते. मधुमेह असलेल्या काहींना तर गरम पिशवीने भाजलेलंही कळत नाही. खांद्याजवळ फोड, ओरखडा, काखेत नायटा किंवा घामोळं असेल तर दाखल होण्याआधी फोन करा. तारीख पुढे गेली तर वाईट वाटतं, रजा वाया जाते, हे मी जाणते. तरी कळवा.

६. आदल्या रात्री

आधी साध्या साबणाने अंघोळ, साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मग क्लोरहेक्सिडीनचं द्रावण. साबण अंगावर राहिला तर या द्रावणाचा असर कमी होतो. डोळ्यांत, कानांत जाऊ द्यायचं नाही. नंतर पावडर, क्रीम, डिओ काही नाही. धुतलेले कपडे, धुतलेली चादर. हे द्रावण मिळालं नाही तर साध्या साबणाची अंघोळही चालते.

७. थिएटरमध्ये घाई नको

ही गोष्ट माझ्या हाताखालच्या मुलींसाठी. अल्कोहोलचं द्रावण लावल्यावर ते पूर्ण सुकू द्यायचं, केस नसलेल्या त्वचेवरही किमान ३ मिनिटं. ओलं असताना कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायचं विजेचं उपकरण, चालवली तर आग लागू शकते, आणि जंतू मारायलाही त्याला तेवढा वेळ लागतो. अँटिबायोटिक चीर देण्याआधी गेलं का, हे मोठ्याने विचारायचं. सर्जन कितीही ज्येष्ठ असोत.

८. जेल कोण लावणार?

आता सगळं सांगून झाल्यावर मी हे विचारते. खांद्याच्या मागे स्वतःचा हात पोचत नाही. सून लावेल म्हणतात, पण सासऱ्यांना संकोच वाटतो. एकट्या राहणाऱ्या बाईकडे कुणीच नसतं. अशांना आम्ही ड्रेसिंग रूममध्ये बोलावतो आणि तिथली सिस्टर लावून देते. खेडेगावातून येणाऱ्यांना रोजचा एसटीचा प्रवास झेपत नाही, तेव्हा दोन दिवस आधी दाखल करून घ्या म्हणून मी सर्जनना सांगते. सगळे मानत नाहीत, कारण खाटा कमी असतात. मी दर वेळी सांगते.