दोन जुनी कार्डं की एक नवं?

प्रश्न : मी तलासरीत राहतो, उंबरगावला कारखान्यात कामाला आहे. माझ्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये एनव्हिडियाची दोन जीटीएक्स ९७० कार्डं एसएलआयने जोडलेली आहेत. नवे गेम अडखळतात. ओळखीतला एक जण वापरलेली जीटीएक्स १०८० ची जोडी देतो आहे, बिल मात्र नाही. बोनस हातात आहे. घ्यावी का?
– एक वाचक, तलासरी

उत्तर : ही जोडी घेऊ नका. दोन कार्डं जोडली की ताकद दुप्पट होते, हा हिशेब गेमने त्या जोडीला साथ दिली तरच जमतो. एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवीन ड्रायव्हर प्रोफाइल देणं जानेवारी २०२१ पासून थांबवलं. आताच्या बहुतेक गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं. मेमरीचीही बेरीज होत नाही : ८ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमच्या हाती ८ जीबीच लागतात. शिवाय ९७० आणि १०८० या दोन्ही पिढ्यांचे गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. म्हणजे बोनस खर्चून तुम्ही त्याच बंद रस्त्यावर चार पावलं पुढे जाल.

विजेचंही बघा. १०८० ची जोडी पूर्ण भारावर ३६० वॅट खाते, नवं आरटीएक्स ५०६० १४५ वॅट. रोज चार तास खेळलात तर महिन्याला साधारण २६ युनिटांचा फरक पडतो. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. जोडी जोरात चालू असताना लाइट गेली तर गेम सेव्ह करायलाही वेळ मिळणार नाही.

बिलाशिवाय तर घेऊच नका. ओळखीतला माणूस व्यापारी नाही. आठवड्यात कार्ड बंद पडलं तर त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागणं अवघड आहे. दुकानातून घ्या, वापीतून घेतलंत तरी चालेल. जीएसटी दोन्हीकडे सारखाच, तेव्हा हद्दीपलीकडे कोणी फारच स्वस्त देत असेल तर बिल मिळणार आहे का, ते आधी विचारा. बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुकान गुजरातेत असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. ही सोय सीमेवरच्या माणसाला फार मोलाची आहे.

पैसे मोजण्याआधी एवढं करा. एक ९७० काढून ठेवा आणि नेहमीचा गेम खेळा. वेग तेवढाच राहिला तर दुसरं कार्ड काहीच करत नव्हतं, ते विकून टाका. खेळताना टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर नवं कार्ड जरूर घ्या. तो ६० वर रेंगाळत असेल आणि प्रोसेसर दमलेला दिसत असेल, तर बोनस प्रोसेसर आणि मदरबोर्डासाठी राखून ठेवा.